मुलीला ए-लेव्हलला लॉ घ्यायचाय, काय सांगावं? (इंग्लंड)

जाईजुई

नमस्कार मंडळी. आम्ही रेडिंगजवळ राहतो, मूळचे साताऱ्याकडचे. लेक यंदा जीसीएसईला, म्हणजे इथल्या दहावीला आहे. सप्टेंबरपासून सिक्स्थ फॉर्म कॉलेज, म्हणजे आपल्याकडची अकरावी-बारावी, आणि शेवटी ए-लेव्हलची परीक्षा. पण इथे दोन वर्षं बहुतेक मुलं तीनच विषय करतात आणि त्यावरच युनिव्हर्सिटीचं ठरतं, त्यामुळे निवडताना पोटात गोळा येतो. तिला इंग्लिश लिटरेचर, मॅथ्स आणि लॉ घ्यायचेत. पहिल्या दोनांबद्दल घरात कुणाचं काही म्हणणं नाही. लॉवरून मात्र तीन आठवडे रोज रात्री जेवताना वाद चाललाय.

झालं असं की कॉलेजच्या ओपन इव्हिनिंगला गेलो होतो. लॉच्या खोलीत एका टेबलावर तपकिरी काचेची रिकामी बाटली ठेवलेली. शेजारी कागद: "मैत्रिणीने तुम्हाला पेय घेऊन दिलं. अर्धं प्यायल्यावर बाटलीतून कुजलेली गोगलगाय निघाली. पैसे मैत्रिणीने दिलेत. तुम्ही कुणाकडे दाद मागाल?" लेक तिथून हलेचना. दुकानदाराकडे का नाही, मैत्रिणीने का नाही मागायची, कारखान्याचा माझ्याशी संबंधच काय, असं तिचं आणि तिथल्या बाईंचं वीस-पंचवीस मिनिटं चाललं. आमची केमिस्ट्रीची खोली बघायची राहिलीच.

नवऱ्याचं म्हणणं, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, आणि ही तर त्याचाच अभ्यास करायला निघालीय. त्याला कारणही आहे. त्याच्या आजोबांचा शेताच्या बांधावरून दावा होता, तो आजोबा गेले तरी संपला नव्हता. घरात कायदा म्हटलं की तेवढंच आठवतं. माझी भीती वेगळी आहे. ऑफिसात दोघींनी सांगितलं की हा "सोपा" विषय समजतात, चांगल्या युनिव्हर्सिटीला चालत नाही. कुणाची मुलं यातून गेली असतील तर मोकळेपणाने लिहा.

मिडलँड्सकर

माझ्या मुलाने घेतला होता, तीन महिन्यांत सोडून इतिहास घेतला. टीव्हीवरच्या कोर्टासारखं असेल असं वाटलं होतं, प्रत्यक्षात केसची नावं आणि कलमं पाठ करायची. शिवाय रसेल ग्रुपच्या, म्हणजे इथल्या नावाजलेल्या युनिव्हर्सिट्यांच्या गटाची एक यादी होती, कुठले विषय घेतले की जास्त दारं उघडी राहतात त्याची. त्यात मॅथ्स, सायन्स, इतिहास, भूगोल, भाषा होत्या, लॉ नव्हता. माझं मत, मॅथ्स आणि लिटरेचर ठेवा, तिसरा इतिहास घ्या. वकील व्हायचं असेल तर लॉ पुढे आहेच.

खडूफळा

जाईजुई, मी गेली अकरा वर्षं एका सिक्स्थ फॉर्म कॉलेजात हाच विषय शिकवते. त्यामुळे माझं मत एका बाजूला झुकलेलं आहे हे धरूनच वाचा.

आधी यादीचं. मिडलँड्सकर म्हणतात ती यादी खरी होती, आणि लॉ तिच्यात नव्हता हेही खरं. पण रसेल ग्रुपने ती २०१९ मध्ये स्वतःच काढून टाकली. अजूनही पालकसभेत दर वर्षी कुणीतरी तिचं नाव काढतंच. मुलांचं नुकसान या जुन्या ऐकीव माहितीने होताना मी पाहिलंय, म्हणून हे पहिल्यांदा लिहिलं.

आता अभ्यासक्रम. बोर्डं तीन: एक्यूए, ओसीआर आणि एडुकास. आम्ही एक्यूए शिकवतो. दोन वर्षांच्या शेवटी तीन पेपर, प्रत्येकी दोन तासांचा, शंभर मार्कांचा. पहिल्यात फौजदारी कायदा, दुसऱ्यात टॉर्ट, म्हणजे एकाच्या चुकीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई कुणी द्यायची, आणि तिसऱ्यात करार किंवा मानवी हक्क यांपैकी एक. शिवाय कायदा कोण करतं, कोर्टं कशी चालतात, ज्यूरीत कोण बसतं, हे तिन्हींत येतं.

ती बाटली आम्हीही ठेवतो! १९२८ साली स्कॉटलंडमधल्या पेस्ली गावच्या एका कॅफेत मिसेस डोनह्यूंना मैत्रिणीने जिंजर बिअर घेऊन दिली. बाटली गडद रंगाची, आतलं दिसायचं नाही. पैसे मैत्रिणीचे, म्हणजे कॅफेशी त्यांचा करार नाही. मग त्यांनी पेय बनवणाऱ्या स्टीव्हन्सनवर दावा लावला. १९३२ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च कोर्टात, पाचांपैकी तीन न्यायाधीश त्यांच्या बाजूने गेले. लॉर्ड ॲटकिन यांनी प्रश्न असा मांडला की कायद्यात माझा शेजारी कोण? तर माझ्या वागण्याची झळ ज्याला लागेल हे मला आधी कळायला हवं, तो. मी वर्गात हे इंग्रजीतच शिकवते, पण दर वेळी मनात शब्द येतो तो शेजारधर्म. त्या बाटलीत गोगलगाय खरंच होती का, हे कोर्टात कधी सिद्ध झालंच नाही. मुलांना हे सांगितलं की ती थक्क होतात. आधी प्रश्न एवढाच होता: असली तर दाद मागता येईल का?

पाठांतर आहे, ते नाकारत नाही. पण पाठांतरावर मार्क मिळत नाहीत, आणि तीन महिन्यांत सोडणाऱ्या मुलांचं बहुतेक वेळा इथेच बिनसतं. एक उदाहरण देते. "नेहाने मैत्रिणीची सायकल न विचारता नेली. संध्याकाळी परत ठेवणार होती. वाटेत सायकल ट्रकखाली गेली. नेहाने चोरी केली का?" पहिल्या महिन्यात निम्मा वर्ग लिहितो: नेहाने विचारायला हवं होतं, मैत्रिणीचं नुकसान झालं, म्हणून हो. मी वहीत समासात एवढंच लिहिते, "तू तिची मोठी बहीण आहेस की कोर्ट?" १९६८ च्या थेफ्ट ॲक्टप्रमाणे पाच गोष्टी लागतात: अप्रामाणिकपणा, वस्तू आपलीशी करणं, ती मालमत्ता असणं, ती दुसऱ्याची असणं, आणि कायमची हिरावून घेण्याचा हेतू. एकेक घेऊन नेहाच्या गोष्टीला लावून बघायची. पाचवी बसते का? परत ठेवणार होती ना! मग चोरी नाही. पण सायकल भरून द्यावी लागेल का, हा वेगळा प्रश्न, तो टॉर्टच्या पेपरात. ज्या दिवशी मुलाला "वाईट वागली" आणि "चोरी केली" यांतला फरक हातात येतो, त्या दिवशी त्याचं लिहिणंच बदलतं.

याच विषयावर मुलांची आवडती केस म्हणजे ऑक्सफर्ड विरुद्ध मॉस, १९७९. लिव्हरपूलच्या एका विद्यार्थ्याच्या हाती परीक्षेआधी पेपर लागला. कागद तो परत ठेवणार होता, घेतली होती ती फक्त माहिती. कोर्टाने म्हटलं, माहिती ही या कायद्यापुरती मालमत्ता नाही, सबब चोरी नाही. यावर वर्ग तासभर भांडतो, आणि मी भांडू देते.

जाईजुई

खडूफळा, इतकं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. सायकलचा प्रश्न लेकीला विचारला. तिनेही आधी "चोरीच" म्हटलं! मग पाच गोष्टी वाचून दाखवल्या तर गप्प होऊन दोन मिनिटांनी म्हणाली, "पण परत ठेवणार होती हे खरं कशावरून?" याचं उत्तर मला देता आलं नाही.

खडूफळा

तिला सांगा, उत्तर येत नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस. तो पुराव्याचा प्रश्न आहे, आणि सोळाव्या वर्षी आपणहून तिथे पोचणारी मुलं थोडी असतात.

दुसरंवर्ष

काकू, मी सध्या एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ए-लेव्हलला लॉ होता. माझा अनुभव सांगतो.

युनिव्हर्सिटीला लॉला जायला ए-लेव्हल लॉ लागत नाही. आमच्या बॅचमध्ये खूप जणांनी तो केलेला नव्हता. पहिली टर्म मला सोपी गेली, केसची नावं ओळखीची होती, "मेन्स रिया" (गुन्ह्यामागचा मनातला हेतू) ऐकून दचकलो नाही. पण ख्रिसमसपर्यंत बाकीचे बरोबरीला आले. उलट मी चुकलो ते "हे मला येतं" म्हणून मूळ निकालपत्रं वाचली नाहीत तिथे. कॉलेजात केसचा सारांश चार ओळींत असतो, इथे तीच केस साठ पानांची असते.

दुसरं, बऱ्याच ठिकाणी एलनॅट ही लॉची प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. ऑक्सफर्ड, केंब्रिज, यूसीएल, एलएसई, किंग्ज, ब्रिस्टल, डरहॅम अशा. त्यात कायद्याचं ज्ञान विचारतच नाहीत. ९५ मिनिटांत ४२ प्रश्न, उतारे वाचून त्यातला युक्तिवाद ओळखायचा, आणि मग ४० मिनिटांत एक निबंध. त्याची तयारी लिटरेचरने चांगली होते, रोज पेपर वाचण्याने त्याहून चांगली होते. तिला आत्तापासून संपादकीय वाचायला लावा.

तिचे तीन विषय मला मस्त वाटतात. लॉ, बिझनेस आणि क्रिमिनॉलॉजी असं एकदम घेतलं असतं तर मी नको म्हटलं असतं. मॅथ्स आणि लिटरेचर सोबत असताना लॉमुळे कुठलं दार बंद होईल असं वाटत नाही. तरी ज्या कोर्सवर डोळा आहे त्याच्या पानावर जाऊन अटी स्वतः वाचा, दर वर्षी.

मिडलँड्सकर

यादी बंद झाल्याचं खरंच माहीत नव्हतं, चूक दुरुस्त केल्याबद्दल आभार. मुलाला तुमची सायकल दाखवली. म्हणाला, आम्हाला असं कुणी शिकवलंच नाही, नुसते छापील कागद वाटायचे.

सदाशिवपेठी

मी पुण्यात वकिली करतो, फौजदारी बाजूला. धागा वाचून राहवलं नाही.

आपल्याकडे बारावीनंतर सीईटी देऊन पाच वर्षांचा कोर्स करता येतो, पण बारावीपर्यंत कायदा विषय म्हणून फार थोड्यांच्या वाट्याला येतो. सीबीएसईला लीगल स्टडीज आहे, ते शिकवणाऱ्या शाळा किती? मी स्वतः पहिला निकाल वाचला तो विसाव्या वर्षी. जाईजुई, तुमच्या लेकीला सोळाव्या वर्षी हे मिळतंय.

आणि ती जे शिकेल ते परकं नाही. नानावटी खटला आठवा. १९५९, मुंबई. नौदलातले कमांडर नानावटी, पत्नीने दुसऱ्या पुरुषाशी संबंध असल्याचं सांगितलं, त्यांनी बायकोमुलांना सिनेमाला सोडलं, जहाजावर जाऊन रिव्हॉल्व्हर घेतलं आणि त्या माणसाच्या घरी गेले. ज्यूरीने ८ विरुद्ध १ मतांनी निर्दोष ठरवलं. सेशन्स जज्जांना ते पटलं नाही, प्रकरण हायकोर्टात गेलं, जन्मठेप झाली, आणि १९६१ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कायम केली. मुद्दा होता "गंभीर आणि अचानक प्रक्षोभ", तो मानला तर खुनाऐवजी सदोष मनुष्यवध धरतात. कबुली ऐकल्यापासून गोळी झाडेपर्यंत डोकं शांत व्हायला पुरेसा वेळ गेला होता, असं कोर्टाने धरलं. तिथे पोचताना सुप्रीम कोर्टाने ज्या इंग्रजी निकालांचा विचार केला, त्यांत १९४९ ची डफी ही केस होती. माणसाचा स्वतःवरचा ताबा अचानक आणि तात्पुरता सुटला पाहिजे, हे सूत्र तिथलं. म्हणजे मुंबईतल्या माणसाचं भवितव्य ठरताना इंग्लंडमधल्या एका बाईचा खटला उघडला गेला.

जाता जाता: नानावटींच्या खटल्याने भारतातली ज्यूरी संपली असं सरसकट म्हणतात. तसं नाही. त्यानंतरही काही ठिकाणी ज्यूरी होती, १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने ती गेली.

खडूफळा

सदाशिवपेठी, डफीचं नाव वाचून मी ताठ बसले! कारण पुढची गोष्ट मी दर वर्षी शिकवते.

ती डफी स्वतः नवऱ्याचा मार खाणारी बायको होती. तिने तो झोपायला गेल्यावर त्याला मारलं, आणि "अचानक" या शब्दामुळे तिचा बचाव टिकला नाही. चाळीस वर्षांनी, १९८९ मध्ये, किरणजीत अहलुवालिया. मूळची पंजाबची, लग्न होऊन इथे आलेली, दहा वर्षं मारहाण. एका रात्री नवरा झोपल्यावर तिने पेट्रोल ओतून पेटवलं, तो पुढे दगावला. खुनासाठी जन्मठेप झाली. साउथॉल ब्लॅक सिस्टर्स या संघटनेने तिच्यासाठी मोहीम उभी केली. १९९२ च्या अपिलात कोर्टाने डफीचं सूत्र सोडलं नाही, प्रक्षोभाचा मुद्दा फेटाळला. पण मानसिक स्थितीबद्दलच्या नव्या पुराव्यावर फेरसुनावणीचा हुकूम दिला. मग खुनाऐवजी सदोष मनुष्यवधाची कबुली मान्य झाली, आणि भोगलेली शिक्षा पुरेशी धरून ती सुटली.

आणि मग कायदाच बदलला. २००९ च्या कॉरोनर्स अँड जस्टिस ॲक्टमध्ये प्रक्षोभ हा बचाव काढून "लॉस ऑफ कंट्रोल" आणला. त्यात स्पष्ट लिहिलंय, ताबा सुटणं अचानकच असायला हवं असं नाही. आणि जोडीदाराने केलेली प्रतारणा हे कारण धरायचं नाही, असंही लिहिलंय. पुढे कोर्टाने त्याला थोडी मुरड घातली, पण नुसत्या प्रतारणेवर बचाव उभा राहत नाही. म्हणजे नानावटींचा बचाव आजच्या इंग्लंडमध्ये फार अवघड झाला असता, आणि किरणजीतला उभं राहायला जागा मिळाली असती.

तो धडा मी शिकवते तेव्हा वर्गातल्या आपल्याकडच्या मुली फार बोलत नाहीत. एक वर्षी एक मुलगी तास संपल्यावर थांबली आणि तिने एवढंच विचारलं, "मिस, 'अचानक' हा शब्द कुणी घातला?" उत्तर मी तोंडी दिलं नाही, तिला निकाल वाचायला दिला. बाकीचं तिच्याबद्दल इथे लिहिणार नाही. पण हा विषय सोपा आहे असं कुणी म्हटलं की मला तिचा चेहरा आठवतो.

सदाशिवपेठी

आमच्या नव्या भारतीय न्याय संहितेत, जी १ जुलै २०२४ पासून लागू झाली, "गंभीर आणि अचानक" हे शब्द अजून तसेच आहेत. माझ्या ज्युनिअरांना उद्या हा धागा वाचायला देतो.

दोनपायऱ्या

मी इथे सॉलिसिटर, म्हणजे अशिलांना सल्ला देणारा वकील आहे, पण डिग्री केमिस्ट्रीची. हे सांगतोय कारण मुलीचं मन बदललं तर काय, ही भीती बऱ्याच पालकांना असते. कुठल्याही विषयाची डिग्री चालते. २०२१ पासून एसक्यूई ही परीक्षा आहे: पहिल्या टप्प्यात १८० प्रश्नांचे दोन पेपर, मग दुसरा टप्पा, आणि दोन वर्षांचा कामाचा अनुभव. बॅरिस्टर व्हायचं तर वाट वेगळी. आणि ए-लेव्हलनंतर थेट फर्ममध्ये जाऊन पाच-सहा वर्षांत सॉलिसिटर होण्याची अप्रेंटिसशिपही आहे. पगार मिळतो, फी भरावी लागत नाही. युनिव्हर्सिटीची वर्षाची फी २०२५-२६ मध्ये ९,५३५ पाउंडांवर गेली, तेव्हा हे डोक्यात असू द्या. जागा मात्र मोजक्या असतात.

एक सुचवतो. हाफ टर्मला, म्हणजे सत्राच्या मधल्या सुट्टीत, तिला घेऊन मॅजिस्ट्रेट्स कोर्टात (लहान गुन्ह्यांचं खालचं कोर्ट) जाऊन बसा. खुली सुनावणी कुणालाही बघता येते, पैसे नाहीत, चौदा वर्षांवरील मुलांना बहुधा आत सोडतात. दाराशी बॅग तपासतात, फोन बंद करायचा, मागच्या बाकावर बसायचं. ओपन इव्हिनिंगपेक्षा तासाभरात जास्त कळेल.

गोदाकाठ

नाशिकची आहे म्हणून लिहिल्याशिवाय राहवत नाही. कॉर्नेलिया सोराबजी आमच्या नाशिकात जन्मल्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या आणि ऑक्सफर्डला कायदा शिकणाऱ्या पहिल्या महिला झाल्या. १८९२ मध्ये परीक्षा दिली, पण बायकांना तिथे पदवी देत नसत. ती हातात पडायला तीस वर्षं लागली. लेकीला नक्की सांगा.

सह्याद्रीपार

सगळे चांगलं लिहितायत, मी एक सावधगिरीचं लिहिते. आमच्या धाकटीच्या कॉलेजात (नाव देत नाही) लॉला एकच शिक्षक होते. ते दुसऱ्या वर्षी जानेवारीत सोडून गेले. मग ईस्टरपर्यंत बदली शिक्षक, त्यांपैकी एकाचा विषय बिझनेस. मुलांनी करार हा भाग जवळजवळ स्वतःच केला. ती पोर रात्री अकरा-अकरापर्यंत कार्डं लिहीत बसायची, एका बाजूला केस, दुसऱ्या बाजूला एका ओळीत निकाल. ग्रेड एकाने घसरली, आणि पहिल्या पसंतीची युनिव्हर्सिटी हुकली. तेव्हा ओपन इव्हिनिंगला बाटली बघून या, पण विचारून या: शिक्षक किती, सगळे लॉचेच आहेत का, कुठलं बोर्ड, तिसऱ्या पेपरात करार की मानवी हक्क? विचारायला लाजू नका.

खडूफळा

सह्याद्रीपार यांचं अगदी खरं. हे चारही प्रश्न आम्हाला कुणी विचारले तर आम्हाला आनंदच होतो.

जाईजुई

मंडळी, उशीर झाला, पण सांगायला आलेय. हाफ टर्मला मंगळवारी तिघंही कोर्टात गेलो. नवऱ्याने सुट्टी काढली. "पायरी चढणार नाही" म्हणणारा माणूस सकाळी नऊलाच बूट घालून तयार.

खोली अगदी साधी, शाळेच्या वर्गासारखी. समोर तिघं मॅजिस्ट्रेट, त्यांच्या पुढ्यात कायदा सांगणारा सल्लागार. ते तिघे वकील नसतात, पगारही घेत नाहीत, हे लेकीने आम्हाला कुजबुजत सांगितलं. एक प्रकरण विम्याशिवाय गाडी चालवल्याचं होतं. माणूस पन्नाशीचा, इंग्रजी बेताचं, शेजारी दुभाषी. मधल्या बाई एक वाक्य बोलायच्या, थांबायच्या, दुभाष्याचं संपेपर्यंत त्याच्याकडे बघत राहायच्या, मगच पुढचं. एकदा तो मानेनेच हो म्हणाला, तर त्यांनी परत विचारलं, तुम्हाला कळलं की नुसतं हो म्हणताय? त्याने नाही म्हटलं. मग सगळं पुन्हा पहिल्यापासून.

गाडीत बसल्यावर नवरा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आजोबांना कुणी असं थांबून विचारलं असतं तर." आणि रात्री लेकीने विचारलं, पणजोबांच्या दाव्यात पुरावा काय होता? त्याला सांगता येईना. सासूबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, कागद माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत आहेत, कुणी विचारलंच नाही कधी. दिराने काल फोटो पाठवले. सातबारा आहे, दोन नोटिसा आहेत, आणि निकालाची पहिली चार पानं.

कॉलेजला चारही प्रश्न विचारले. लॉचे तीन शिक्षक आहेत, बोर्ड एक्यूए, तिसऱ्या पेपराला मानवी हक्क. फॉर्म काल भरला: लिटरेचर, मॅथ्स, लॉ.

सदाशिवपेठी, एक विचारू का? लेक मराठी वाचते, पण त्या निकालातलं "वहिवाट" आणि "फेरफार" यावर अडलीय. तुम्हाला पानं पाठवली तर चालेल?

सदाशिवपेठी

जरूर पाठवा, नावं आणि गट नंबर झाकून. मला मेसेज करा, इथे टाकू नका. तोवर तिला सांगा, वहिवाट म्हणजे जमीन प्रत्यक्ष कोण कसतंय, आणि फेरफार म्हणजे सरकारी दप्तरात नाव बदलल्याची नोंद. या दोन्हींतलं काहीही असलं तरी तेवढ्याने मालकी ठरत नाही. आता निकालाची चार पानं वाचून तिने मला सांगावं, कोर्टाने कशावर भर दिला.